फुलपाखरांच्या अळ्यांसाठी अंगणात कोणती झाडे लावावीत आणि त्यांची रोपे कशी वाटावीत?

अंगणवेल, परभणी

नमस्कार. आमच्या घरापुढे छोटे अंगण, मागे मोरी आणि वर मोकळी गच्ची आहे. झेंडू, सदाफुली, जास्वंद, पेंटास अशी फुलझाडे असल्यामुळे पावसाळ्यात फुलपाखरे पुष्कळ येतात, मध पितात आणि निघून जातात. ती आपल्याच अंगणात वाढावीत, अंड्यापासून कोशापर्यंतचा त्यांचा सारा संसार इथेच व्हावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. त्यासाठी नुसती फुले पुरत नाहीत, अळीला खाता येईल असे तिचे ठरलेले झाड लागते, एवढे वाचून ठाऊक झाले आहे. पुढचे मात्र आपल्यासारख्या अनुभवी मंडळींकडून समजून घ्यायचे आहे.

पहिली अडचण पाण्याची. मार्चनंतर आमच्याकडे पाणी जपून वापरावे लागते आणि मे महिन्यात गच्चीवरच्या कुंड्या अक्षरशः भाजतात, त्यामुळे पुस्तकात छान दिसणारी परंतु कोकणात किंवा पुण्याकडे जगणारी झाडे मला नकोत. दुसरी अडचण घरातली आहे. कढीपत्त्यावर अळ्या आल्या की सासूबाई त्या काढून टाकतात, आणि फोडणीला पान उरत नाही हे त्यांचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही. तिसरी गोष्ट जरा चिंतेची आहे. रोपवाटिकेतून आणलेल्या लिंबाच्या रोपावर फुलपाखराने अंडी घातली, बारीक अळ्याही बाहेर आल्या, पण आम्ही कोणतेही औषध फवारलेले नसताना त्या दोन दिवसांत काळ्या पडून मेल्या. असे का व्हावे?

शेवटचा प्रश्न वाटपाचा आहे. गल्लीतील मैत्रिणींना आणि जवळच्या शाळेतील मुलांना अशी रोपे तयार करून द्यावीत, असे मनात आहे. माझे माहेर जालना जिल्ह्यातले आणि भावाची मोसंबीची बाग आहे. त्याच्या मते मी लोकांना रोपे नाही, तर कीड वाटणार आहे. त्याच्या म्हणण्यात तथ्य किती? मृग लागायला थोडेच दिवस राहिले आहेत, तेव्हा कृपया लवकर मार्गदर्शन करावे.

तरवड, लातूर

ताई, पाण्याच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण आपल्याकडे बाकीचे सगळे त्यावर ठरते. मराठवाड्यातील फुलपाखरांची मुख्य खाद्य झाडे ही मराठवाड्याच्या उन्हात, मुरमात आणि काळ्या मातीत वाढलेलीच आहेत. त्यांतली बरीचशी आपण तण म्हणून उपटतो. म्हणून नवीन काही विकत आणण्याआधी अंगणाच्या कडेला आपोआप काय उगवते ते या पावसाळ्यात पाहावे, असा माझा आग्रह राहील.

सर्वांत आधी रुई. एकदा मूळ धरले की तिला उन्हाळ्यात पाण्याची गरज राहत नाही आणि शेळ्याही तिला सहसा तोंड लावत नाहीत. प्लेन टायगर हे नारिंगी रंगाचे, पंखांच्या टोकाला काळ्या पट्ट्यात पांढरे ठिपके असलेले फुलपाखरू रुईच्या पानांवर एकेक अंडे घालते. अंडे पांढुरके, खसखशीच्या दाण्याहून थोडे मोठे असते आणि बहुधा पानाच्या खालच्या बाजूला सापडते. अळी पांढऱ्या, काळ्या, पिवळ्या पट्ट्यांची असून तिच्या पाठीवर मऊ शिंगांसारख्या काळ्या तंतूंच्या तीन जोड्या असतात. सकाळी निवांत बसून तिचे खाणे अवश्य पाहा. लहान अळी पान लगेच खात नाही. ती आधी पानावर गोल खाच कुरतडते, त्या खाचेतून चीक वाहून जाऊ देते आणि मग मधला चीक ओसरलेला भाग खाते. रुईच्या चिकातील विषारी द्रव्ये अळीच्या शरीरात साठतात आणि पुढे फुलपाखरातही उतरतात, म्हणून पक्षी प्लेन टायगरच्या वाटेला सहसा जात नाहीत.

याच संदर्भात घोळीचा वाफा राखावा. घोळ आपण भाजीसाठी तोडतोच, पण डॅनेड एगफ्लाय या फुलपाखराची अळीही घोळच खाते. त्याचा नर काळा असतो आणि पंखांवर निळसर जांभळ्या कडेचे मोठे पांढरे ठिपके असतात. मादी मात्र हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते आणि त्या साम्यामुळे पक्ष्यांपासून बचावते. रुई आणि घोळ एकाच अंगणात असली, तर मूळ फुलपाखरू आणि त्याची नक्कल करणारी मादी शेजारी शेजारी पाहायला मिळण्याची शक्यता असते, आणि शाळेतील मुलांना हे प्रत्यक्ष दाखवता आले तर त्याहून चांगला धडा नाही.

कुंपणासाठी तरवड लावावा. (माझे इथले नाव त्यावरूनच घेतले आहे, तेव्हा थोडा पक्षपात समजून घ्यावा.) तरवड आणि पहिल्या पावसानंतर उगवणारा टाकळा, ज्याला काही गावांत तरोटा म्हणतात, ही पिवळ्या व पांढऱ्या फुलपाखरांची मोठी आधारस्थाने आहेत. टाकळ्यावर कॉमन ग्रास यलो आणि मॉटल्ड एमिग्रंट या दोघांच्याही अळ्या वाढतात. जागा मोठी असेल तर एक बहावा लावावा. कॉमन एमिग्रंटची मादी त्याच्या कोवळ्या पालवीवर अंडी घालते आणि झाड मोठे झाले की अळ्यांनी कितीही खाल्ले तरी त्याला काही होत नाही. कोरांटीवर लेमन पॅन्सी येते. आंबुशी हे कुंडीत हमखास येणारे तण तर उपटूच नये, कारण अंगणात जमिनीलगत उडणाऱ्या पेल ग्रास ब्लू या नखाएवढ्या निळसर फुलपाखराचे सारे बालपण तिच्यावरच जाते.

गच्चीवर पानफुटी ठेवावी, आणि तिच्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो. रेड पिअरो हे काळे, पांढरे आणि नारिंगी फुलपाखरू पानफुटीच्या पानावर अंडे घालते. अंड्यातून निघालेली अळी सरळ पानाच्या आत शिरते आणि वरच्या व खालच्या पापुद्र्यांच्या मधला गर खात पुढे सरकते. पान उन्हाकडे धरले तर आत फिकट पोकळी, तिच्यात काळी विष्ठा आणि कडेला सरकणारी अळी स्पष्ट दिसते. एक पान संपले की ती बाहेर येते, मुंग्या तिच्या अवतीभोवती फिरतात, आणि ती दुसऱ्या पानात शिरते. पानफुटी पानाच्या कडेवरूनच नवी रोपे देत असल्यामुळे खाल्लेल्या झाडाची भरपाईही लवकर होते. ज्यांच्याकडे अंगण नाही, केवळ खिडकीची जाळी आहे, त्यांनाही हे जमते.

आता संख्येबद्दल, कारण बहुतेकांचे नियोजन इथे फसते. अळी कोशात जाण्यापूर्वी चार वेळा कात टाकते आणि तिच्या एकूण खाण्याचा फार मोठा भाग शेवटच्या, म्हणजे पाचव्या अवस्थेत असतो. सुरुवातीला पानांना जेमतेम भोके दिसतात आणि मग अचानक रोप निष्पर्ण होते. कुंडीतील एकुलत्या एका लहान रोपावर पाच-सहा अळ्या असतील, तर त्या कोशाला पोचण्याआधीच उपाशी मरतात. म्हणून दहा प्रकारची एकेक रोपे लावण्यापेक्षा दोन-तीनच प्रकार निवडून प्रत्येकाची चार-पाच रोपे लावावीत. खाल्लेली रोपे बाजूला ठेवून त्यांना फुटू द्यावे. पावसाळ्यातील उबदार हवेत अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास साधारण महिन्याभरात होतो, त्यामुळे रोपांची ही फेरपाळी सहज बसते.

कढीपत्त्याबाबत सासूबाईंचा मान राखूनही मार्ग निघतो. दोन झाडे ठेवावीत. स्वयंपाकाच्या झाडावर जुन्या मच्छरदाणीचे कापड घालावे, म्हणजे मादीला अंडी घालता येणार नाहीत, आणि दुसरे झाड उघडे सोडावे. कढीपत्त्यावर येणारी अळी बहुतेक वेळा कॉमन मॉर्मनची असते. ती हलवायची असेल तर दुसऱ्या कढीपत्त्यावरच हलवावी. ती लिंबावरही वाढणारी जात आहे हे खरे, पण एका झाडाच्या पानावर वाढू लागलेली अळी मध्येच दुसऱ्या झाडाचे पान नाकारते, असे पुष्कळदा होते.

मोसंबी बाग, जालना

नमस्कार ताई. आपले बंधू म्हणतात त्यात तथ्य आहे, पण ते पूर्ण चित्र नाही. मी स्वतः मोसंबी करतो आणि फुलपाखरांचाही मला लळा आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितो.

लाइम बटरफ्लाय, म्हणजे काळ्या पंखांवर पिवळसर ठिपके असलेले लिंबाचे फुलपाखरू, हे लिंबूवर्गीय पिकांवरील पाने खाणारी कीड म्हणूनच कृषी विभागाच्या माहितीत असते. त्याच्या लहान अळ्या तपकिरी पांढऱ्या, पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात आणि त्यामुळे लक्षात येत नाहीत. मोठी झाल्यावर अळी हिरवी होते आणि तिला डिवचले तर डोक्यामागून नारिंगी, दोन टोकांचा अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते. ती कोवळी पालवी खाते. त्यामुळे रोपवाटिकेतील कलमे आणि एक-दोन वर्षांची नवी लागवड यांचे नुकसान खरोखर होते, पूर्ण रोप बोडके होऊ शकते. मोठ्या, फळधारी झाडाला मात्र दहा-वीस अळ्यांनी फारसा फरक पडत नाही.

आता विचार करा. जिथे शेकडो एकर मोसंबी उभी आहे, तिथे कोणाच्या परसातल्या एका लिंबामुळे ती कीड वाढली असे म्हणणे योग्य नाही, तिला अन्न आधीच मुबलक आहे. परंतु ज्या गावात मोसंबीची नवी लागवड किंवा कलमांची रोपवाटिका घराला लागून आहे, तिथे लिंबाची किंवा बेलाची रोपे मुद्दाम फुलपाखरांसाठी वाटू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. शेजाऱ्याची धास्ती आणि रोष ओढवून घेऊन केलेले संवर्धन टिकत नाही. काळ्या रानात उगवणाऱ्या बावचीवरही हेच फुलपाखरू वाढते, हे लक्षात ठेवावे. परभणी शहरातील गल्लीत हा प्रश्न येत नाही, तिथे लिंबू खुशाल लावावे. रुई, तरवड, टाकळा, पानफुटी, घोळ यांवरील फुलपाखरांचा मोसंबीशी काहीच संबंध नाही, कारण या अळ्या आपले ठरलेले झाड सोडून मोसंबीचे पान तोंडातही धरणार नाहीत. हे बंधूंना अवश्य सांगावे.

एका वेलीविषयी मात्र सावध करतो, कारण ती हल्ली घरोघर वाटली जाते. गुळवेल आणि वासनवेल यांच्यावर फळातील रस शोषणाऱ्या मोठ्या पतंगांच्या अळ्या वाढतात. हे पतंग रात्री बागेत येतात, पिकत आलेल्या मोसंबीला सोंडेने भोक पाडतात, त्या जागी फळ सडते आणि गळते. आंबे बहाराच्या फळांना पावसाळ्याच्या उत्तरार्धात याचा मोठा फटका बसतो. म्हणून बागेच्या आसपासच्या या वेली काढून टाकण्याची शिफारस केली जाते. गुळवेलीचे औषधी महत्त्व मी नाकारत नाही, परंतु मोसंबीच्या पट्ट्यात ती रोपवाटपात नसावी. डाळिंबाच्या बाबतीतही असेच आहे. ज्याला आम्ही सुरसा म्हणतो ती फळ पोखरणारी अळी एका फुलपाखराचीच असते आणि डाळिंब उत्पादकाला तिचे कौतुक सांगू नये.

अंगणवेल, परभणी

दोघांचेही मनापासून आभार. जालन्याच्या दादांचे उत्तर मी भावाला वाचून दाखवले. गुळवेलीचा मुद्दा त्याला एकदम पटला, कारण पतंगांचा त्रास त्याने सोसला आहे, आणि त्यानंतर तो बाकीचेही शांतपणे ऐकू लागला.

दोन शंका आहेत. घरात पाच वर्षांचा मुलगा आहे, तर रुई लावणे सुरक्षित आहे का? आणि लिंबाच्या रोपावरील अळ्या मेल्या त्याचे कारण अजून कळले नाही.

रोपवाटा, छत्रपती संभाजीनगर

अंगणवेल ताई, अळ्या मरण्याचे कारण बहुधा रोपातच आहे. विक्रीच्या रोपांवर पान खाल्लेले दिसले तर ग्राहक ते घेत नाही, म्हणून अनेक ठिकाणी इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही कीटकनाशके वापरतात. ती वरून धुतली जात नाहीत. मुळांतून किंवा पानांतून रोपाच्या रसात शिरतात आणि पुढे महिनोन्‌महिने नव्या पानांतही उतरत राहू शकतात. मादी पायांनी पान चाखून ते आपल्या जातीच्या अळीचे झाड आहे की नाही एवढे ओळखते, पण पानात विष आहे हे तिला कळत नाही. म्हणून विकतचे रोप आणले तर काही महिने, जुनी पाने गळून नवी पालवी पूर्ण येईपर्यंत, ते जाळीच्या कापडाखाली ठेवावे. त्याहून चांगले म्हणजे बी किंवा फांदीपासून स्वतः रोप तयार करावे. वाटपासाठी तर घरचेच रोप असावे, असा आमच्या इथे आम्ही नियम केला आहे.

जैविक फवारणीविषयीही बोलले पाहिजे. निंबोळी अर्क, दशपर्णी अर्क किंवा बीटी जिवाणूंचे द्रावण रासायनिक नाही, म्हणून ते निरुपद्रवी आहे असा समज आहे. पण निंबोळीने अळीची वाढ थांबते आणि बीटी तर अळीच्याच आतड्यावर काम करते. शेतात त्यांचा उपयोग योग्यच आहे, मात्र फुलपाखरांसाठी राखलेल्या झाडांवर आणि त्यांच्या वाऱ्याच्या बाजूला ती फवारू नयेत. रुईवर पिवळा मावा येतो, तो पाहून हात शिवशिवतात. मावा फार झाला तर पाण्याच्या धारेने किंवा बोटाने काढावा, नाहीतर ढालकिडे येऊन तो संपवतातच. फक्त त्या पानावर अंडे नाही ना, हे आधी पाहावे.

रुईच्या सुरक्षिततेचा प्रश्न आपण विचारला हे फार चांगले झाले. रुईचा चीक डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते, आग होऊन दृष्टी धूसर होण्यापर्यंत मजल जाते. मारुतीला वाहायला दर शनिवारी पाने तोडणाऱ्यांना हे माहीत असते, पण मुलांना नसते. आपण रुई फाटकाबाहेर किंवा मुलाचा हात पोचणार नाही अशा कडेला लावावी, पाने मोठ्या माणसानेच तोडावीत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. पाच वर्षांच्या मुलाला अळी दाखवायची असेल तर पानफुटी आणि कढीपत्ता ही दोनच झाडे पुरेशी आहेत. कण्हेरीवर कॉमन क्रोचे चांदीसारखे चकाकणारे कोश लोंबतात आणि ते पाहून कुणालाही कण्हेर लावावीशी वाटेल, परंतु तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. एरंडावर कॉमन कॅस्टर वाढते, त्याच्या बिया तर जिवावर बेतू शकतात. ही झाडे शाळेच्या वाटपात आम्ही घेत नाही.

रोपे कशी करावीत, हेही थोडक्यात लिहितो. पानफुटीचे पान ओल्या मातीवर नुसते ठेवले तरी पुरते. कढीपत्त्याच्या मुळांतून फुटलेले धुमारे पहिल्या पावसानंतर मुळासकट वेगळे करावेत. बियांपासून करायचे असेल तर पिकलेल्या काळ्या फळांतील बी लगेच पेरावे, ते वाळवून ठेवले तर उगवत नाही. कोरांटी फांदीने लागते. टाकळा आणि तरवड यांच्या बियांचे कवच कठीण असते, म्हणून त्या वाळूत घासून किंवा गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजत ठेवाव्यात. तरवडाचे सोटमूळ लवकर खोल जाते, त्यामुळे तो जागेवरच पेरलेला बरा, नाहीतर उंच पिशवीत लावून लहानपणीच हलवावा. रुईचे बोंड उन्हाळ्यात तडकू लागले की कापूस उडण्याआधी त्याला दोऱ्याने बांधावे आणि बी काढून मृगात पेरावे. रानातून बी घेताना सगळे बी ओरबाडू नये, झाडावर निम्म्याहून अधिक राहू द्यावे.

वाटपाचा आमचा अनुभव असा आहे की रोप देणे सोपे असते, पण त्यासोबत समज देणे राहून जाते. पहिली अळी दिसताच माणूस घाबरतो आणि औषध आणतो. म्हणून प्रत्येक पिशवीवर आम्ही चिठ्ठी बांधतो. तिच्यात झाडाचे नाव, त्यावर येणाऱ्या अळीचे नाव, झाड विषारी असल्यास तसा ठळक उल्लेख, आणि “याची पाने खाल्ली जाणारच आहेत, फवारणी करू नये” एवढे लिहिलेले असते. संक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यान काही घरी हळदीकुंकवाच्या वाणात प्लास्टिकच्या डब्यांऐवजी पानफुटीची रोपे दिली जातात. त्या थंडीत ती रोपे जगतातही चांगली. बियांच्या पुड्या मात्र मे अखेरीस वाटाव्यात.

एक विनंती आहे. रोपे वाटावीत, अळ्या किंवा कोश दूरगावी पाठवू नयेत. अनेक अळ्या एका डब्यात कोंबल्या की त्यांच्यात रोग झपाट्याने पसरतो, आणि परजीवी माश्या व गांधीलमाश्यांनी आधीच पोखरलेली अळी वरून धडधाकट दिसते. झाड योग्य असेल तर मादी ते शोधत येते.

बालाघाट, धाराशिव

वरील माहिती उत्तम आहे. मला थोडी भर घालायची आहे, आणि एका बाबतीत आग्रहही धरायचा आहे.

भर अशी की शहरातील वसाहती, शाळा, कचेऱ्या यांच्या कुंपणाशी उंच सरळसोट वाढणारा जो अशोक आपण पाहतो, जो खरा सीताअशोक नव्हे, त्यावर टेल्ड जे हे काळ्या पंखांवर हिरवे ठिपके असलेले चपळ फुलपाखरू वाढते. सीताफळावरही ते येते आणि बालाघाटाच्या डोंगरात सीताफळाला तोटा नाही. म्हणजे शाळेत नवे झाड लावण्याआधी असलेल्या झाडांच्या कोवळ्या पानांवर मुलांनी शोध घ्यावा, तिथे अळी सापडण्याची बरीच शक्यता आहे. तसेच वाघाटी, जिची फळे आषाढी द्वादशीला भाजीसाठी आपण शोधत फिरतो, ती पायोनिअर या पांढऱ्या फुलपाखराची खाद्य वनस्पती आहे. काटेरी असल्यामुळे ती कुंपणावर चांगली चढते.

आग्रह असा की वाटपाइतकेच महत्त्व राखण्याला द्यावे. पावसाळ्यात गावोगावी स्वच्छतेच्या नावाखाली रस्त्याच्या आणि बांधाच्या कडेचे सगळे हिरवे कापले जाते, आणि नेमक्या त्याच काळात, म्हणजे जुलै ते नोव्हेंबरमध्ये, टाकळ्यावर, रुईवर अळ्या असतात. काढायचेच असेल तर गाजरगवत आणि घाणेरी काढावी. घाणेरीवर फुलपाखरे मधासाठी गर्दी करतात, त्यामुळे तिच्याविषयी ममत्व वाटते, परंतु ती बाहेरून आलेली असून डोंगरउतारावरील देशी झुडपांची जागा तिने व्यापली आहे. मधासाठी एकदांडी, जी आपण लावलीही नाही तरी उगवते, आणि झेंडू पुरेसे आहेत. खुळखुळ्याची दोन झाडे ठेवली, तर टायगर आणि क्रो यांचे नर त्याच्या वाळक्या भागांवर सोंड लावून बसलेले दिसतील. मादीला आकर्षित करणारा गंध तयार करण्यासाठी लागणारी द्रव्ये ते तिथून मिळवतात.

अंगणवेल, परभणी

सर्वांचे पुन्हा आभार. आम्ही ठरवले ते असे: गच्चीवर पानफुटीच्या कुंड्या, मोरीच्या ओलाव्याला दोन कढीपत्ते आणि घोळीचा वाफा, आणि फाटकाबाहेर तरवड व एक रुई. स्वयंपाकाच्या कढीपत्त्यावर जाळी घालायला सासूबाईंनी स्वतःच जुने कापड काढून दिले आहे. शाळेसाठी पानफुटी आणि टाकळ्याचे बी देणार आहे.

एक शेवटचा प्रश्न. लाल अंगाच्या, काळ्या पंखांच्या क्रिमझन रोजसाठी सापसंदाची वेल लागते असे वाचले. ती कुठे मिळेल? एका दुकानात तिच्याच कुळातील मोठ्या, ठिपक्यांच्या फुलांची शोभेची वेल दाखवली. ती चालेल का?

तरवड, लातूर

ती शोभेची वेल घेऊ नये. त्या कुळातील दक्षिण अमेरिकेतून आलेल्या शोभेच्या वेलीने ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंग या मोठ्या फुलपाखराचे फार नुकसान केले. मादी तिच्या वासाला भुलून पानांवर अंडी घालते आणि अळ्या ती पाने खाऊन मरतात. आपल्याकडे हा धोका पत्करण्याचे काही कारण नाही, कारण सापसंदाचाच भाऊबंद असलेला किडामार मराठवाड्याच्या काळ्या मातीत, कापसाच्या आणि ज्वारीच्या बांधांवर, जमिनीसरपट वाढतो. त्याची पाने हृदयाच्या आकाराची, करडसर हिरवी आणि चुरगळल्यावर घाण वास येणारी असतात. क्रिमझन रोज आणि कॉमन रोज ही दोन्ही फुलपाखरे या कुळावरच वाढतात.

भावाच्या शेतात नांगरट न होणाऱ्या कडेला किडामार आहे का, ते पावसाळ्यात पाहावे. फळ वाळून खालून उकलू लागले की बी गोळा करून कुंडीतच पेरावे, खोल मुळांचे झाड उपटून आणू नये. सापसंद आणि किडामार यांत मूत्रपिंडाला घातक असलेले ॲरिस्टोलोकिक आम्ल असते, त्यामुळे जुन्या घरगुती औषधात नाव ऐकले असले तरी कुणालाही ते पोटात घेऊ देऊ नये. आपण वाटपाच्या चिठ्ठ्या लिहाल तेव्हा या एका झाडाची चिठ्ठी लाल शाईने लिहावी आणि ते केवळ मोठ्यांच्याच हाती द्यावे.